कंबर आधी की हात आधी?

पत्र : मी केळशीचा, वय ५८. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होतो, दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी आलो. गोल्फ बोटीवर असताना शिकलो, या बंदरात थोडा, त्या बंदरात थोडा. आता महिन्यातून एकदा खारघरला जातो. एरवी घरामागच्या वाडीत मासेमारीचं जुनं जाळं टांगून सराव करतो. पूर्वी माझा चेंडू डावीकडे निघायचा आणि उजवीकडे वळत झाडीत जायचा. एका प्रशिक्षकांनी सांगितलं, ‘तुम्ही नुसत्या हातांनी मारता, डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेली काठी खाली आणणं, कमरेनं सुरू करा.’ सहा महिने तेच करतोय. आता चेंडू न वळता सरळ उजवीकडे जातो, नाहीतर अचानक डावीकडे गोता खातो, आणि संध्याकाळी कंबर धरते. हात आधी की अंग आधी, एकदाचं सांगून टाका. शिवाय सौ. विचारते आहे की ते जाळं चेंडू खरंच अडवेल का, कारण तिचं तुळशीवृंदावन त्याच्या मागेच आहे.

चीफसाहेब, नमस्कार.

आधी दुखण्याचं बोलू. पंधरा दिवस क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेऊ नका. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर दापोलीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि हे पत्र तोवर कपाटात ठेवा. दुखऱ्या कमरेवर स्विंग दुरुस्त होत नाही. शरीर दुखणं चुकवायला नवीनच काहीतरी वाकडं शिकतं आणि मग ते निस्तरायला आणखी एक वर्ष जातं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मुंबईच्या एका मैदानावर मी पंधराव्या वर्षी कॅडी म्हणून लागलो, विशीत स्वतः खेळू लागलो, तेव्हा एका वडीलधाऱ्या प्रशिक्षकांनी मलाही एवढंच सांगितलं होतं, ‘कंबर फिरव.’ फिरवली. तो अख्खा मोसम कमरेला पट्टा बांधून दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या.

तुमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांनी १९५७ साली हेच लिहिलं होतं, डाउनस्विंगची सुरुवात कमरेपासून. तेव्हापासून जगभर ते वाक्य पाठ झालं. पण त्यासोबत त्यांनी एक अटही घातली होती : वजन डाव्या पायावर जाईल इतकं अंग आधी लक्ष्याच्या बाजूला सरकायला हवं. ती अट लोकांच्या लक्षात राहिली नाही. उरलं ते नुसतं गरागरा फिरणं. तुमच्या पत्रातला सगळा घोळ या गाळलेल्या अटीत आहे असं मला वाटतं.

तुमचे दोन आजार वेगळे दिसतात, पण मूळ एकच. चेंडू कुठल्या दिशेनं निघतो हे मुख्यतः क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, ठरवतं. पुढं कुठं वळतो हे ठरतं तोंड आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर. पूर्वी तुम्ही वर पोहोचलात की खांदे आणि छाती ताबडतोब लक्ष्याकडे उघडायची. हात अजून कानाजवळच, खाली उतरायला त्यांना उसंतच नाही. मग ते छातीसोबत बाहेरच्या बाजूनं फेकले जायचे, लाकूड फोडताना कुऱ्हाड येते तसे. क्लबची वाट बाहेरून आत, तोंड त्या वाटेच्या मानानं उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं. म्हणून डावीकडे निघून उजवीकडे वळणारा स्लाइस. आता तुम्ही खांद्यांऐवजी कंबर उघडता, तीही जागच्या जागी. वजन उजव्या पायावरच राहतं, कंबर फिरायला जागा शोधत चेंडूच्या दिशेनं पुढं घुसते, पाठ मागं कलते आणि हात उजव्या बरगडीमागे अडकतात. अडकलेले हात चेंडूपर्यंत उशिरा पोहोचले की तोंड उघडं राहतं आणि चेंडू सरळ उजवीकडे जातो. हे शरीराला कळतं, मग मनगटं ऐन वेळी झटका देतात, तो तुमचा डावीकडचा गोता. मागं कलून पिरगळलेली पाठ संध्याकाळी दुखणारच.

दोन्ही वेळा फिरणं लवकर झालं आणि हात उतरायचे राहिले. आधी खांद्यांनी घाई केली, आता कंबर करते आहे. घाई करणारा बदलला, एवढंच.

आता तुमच्या भाषेत सांगतो. तुमच्या इंजिनात इंधन कधी फवारलं जातं? पिस्टन वर जाऊन थांबल्यावर? नाही. टॉप डेड सेंटरला पोहोचायच्या काही अंश आधीच इंजेक्टर उघडतो, कारण पेट घ्यायलाही वेळ लागतो. स्विंगचं टायमिंग तसंच आहे. चांगल्या खेळाडूचा क्लब अजून मागे जात असतो तेव्हाच त्याच्या डाव्या पायाखाली दाब वाढायला लागलेला असतो. वरचा भाग चढतोय, खालचा परत निघालाय, असा एक क्षण असतो. त्या क्षणात अंगाला पीळ बसतो. तुम्ही काय करता? वर जाता, पोहोचता, आणि मग डोक्यातून हुकूम सोडता, ‘कंबर!’ चांगल्या खेळाडूचा अख्खा डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. हुकूम निघून स्नायू हलायलाच जवळपास तेवढा वेळ जातो. इंजेक्शन उशिरा झालं की एक्झॉस्टचं तापमान कसं चढतं आणि धूर कसा काळा होतो, ते मी तुम्हाला काय सांगणार.

म्हणून तुमच्या ‘हात आधी की अंग आधी’ला माझं उत्तर : पाऊल आधी, आणि तेही बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेणं, संपायच्या आधी. त्यानंतर कंबर, छाती, हात, क्लब हा क्रम लागतो. यातला प्रत्येक जण आपला वेग पुढच्याला देतो आणि स्वतः मंदावतो. कंबर मंदावली की छातीला वेग येतो, छाती मंदावली की हातांना, हात मंदावले की क्लबला. त्यामुळे कंबर शेवटपर्यंत जोरात फिरवत ठेवणं हाही गुण नव्हे.

माझं आजोळ देवगडकडचं, खाडीकाठचं. मामेभाऊ पाग टाकतो. तुम्ही केळशीचे, पाग पाहिलेला असणारच, पण पुढच्या वेळी जाळ्याकडे न बघता टाकणाऱ्याच्या पायांकडे बघा. गुडघाभर पाण्यात उभा असतो, जाळ्याचा एक पदर कोपरावर, बाकीचा हातात, कडेची शिशाची वजनं लोंबत असतात. तो मागे वळतो, आणि वळणं पुरं व्हायच्या आत पुढचा पाय चिखलात रुततो. मग पोट वळतं, छाती वळते, दंड येतात आणि सगळ्यांत शेवटी बोटं सुटतात. शिसं आपल्याच वजनानं बाहेर पळतं आणि जाळं परातीसारखं उघडून पाण्यावर पडतं. मी टाकला तर पुरचुंडी पडते. तीस वर्षं लोकांना स्विंग शिकवून झाल्यावरही मामेभाऊ मला म्हणतो, ‘मेल्या, पाग टाकतस की गोधडी वाळत घालतस?’ पागाच्या बाबतीत मी अजून तुमच्याच जागी आहे : मासा दिसला की हात पुढं धावतात.

त्याच्याकडून एकच गोष्ट उचला. पाय रुतल्यावर आणि छाती वळण्याआधी एक लहानशी फट असते. गोल्फमध्ये हात उतरतात ते याच फटीत. त्यांना कुणी ओढत नाही. डावा पाय जमिनीला दाबला जातो, छाती अजून चेंडूच्या मागेच पाहत असते, आणि हात उजव्या खिशाच्या दिशेनं खाली येतात, उजवं कोपर बरगडीच्या पुढच्या अंगाला. एवढं झालं की मग फिरा, खुशाल फिरा, जेवढी ताकद असेल तेवढी लावा. चेंडूला क्लब लागतो तेव्हा चांगल्या खेळाडूची कंबर लक्ष्याकडे साधारण ४० अंश उघडलेली असते. तुम्हाला फिरायचंच आहे, फक्त पाय टेकून आणि हात खाली आल्यावर.

आता वाडीत काय करायचं. कंबर बरी झाल्यावर, हे पुन्हा बजावतो.

सुंभ असेलच घरात. अंगठ्याएवढा जाड, चारेक हात लांब तुकडा घ्या, एका टोकाला गाठ मारा, दुसरं टोक क्लबसारखं दोन्ही हातांत धरा. बॅकस्विंग करताना डावी टाच उचलू द्या. जॅक निक्लॉस आयुष्यभर टाच उचलून खेळले आणि १८ मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकले, तेव्हा त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. सुंभ मागं जाऊन त्याची गाठ पाठीवर आपटेल. ती आपटते त्याच क्षणी डावी टाच जमिनीवर टेकली पाहिजे. तेव्हा सुंभ मागून ताठ ओढला जातो आणि ‘सूं’ आवाज चेंडूच्या जागेपुढं, तुमच्या डाव्या अंगाला येतो. हातांनी घाई केलीत तर सुंभ मध्येच ढिला पडून लुळा लटकेल आणि आवाज उजव्या कानाशीच येऊन संपेल. सुंभाला खोटं बोलता येत नाही. क्लबचा दांडा ताठ असल्यामुळे तो तुमच्या चुका झाकतो, दोरी झाकत नाही. रोज सकाळी वीस वेळा, सावकाश. सुरुवातीचे दहा दिवस चेंडू नकोच.

सुंभ जमला की सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, घ्या आणि दोन्ही पाय जुळवून उभे राहा. क्लब मागे न्या, तो छातीच्या उंचीवर आला की वर पोहोचायची वाट न बघता डावं पाऊल लक्ष्याकडे टाका, आणि मग स्विंग पुरा करा. पहिल्या दिवशी तोल जाईल, शेजारी हसतील. क्लब मागे जाताना पाय पुढे निघतो हे अंगाला कळायला यापेक्षा सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या क्रिकेट खेळलेल्या मुलांना हे पटकन जमतं. वयस्कर मंडळी पाऊल टाकायच्या आधी विचार करतात आणि अडखळतात. विचार करू नका.

कंबर चेंडूकडे घुसते त्यासाठी पडवीची भिंत. भिंतीला पाठ करून, दोन्ही कुल्ले भिंतीला जेमतेम टेकतील असे कमरेतून वाकून उभे राहा, हात छातीवर आडवे. मागे वळताना उजवा कुल्ला भिंतीवर टेकलेला राहील, डावा सुटेल. परत येताना डावा भिंतीला लागला पाहिजे. दोन्ही एकदम सुटले की समजा, तुमची जुनी खोड परत आली. चिऱ्याची उघडी भिंत नको, पँट जाईल. गिलावा केलेली बघा.

काखेत पंचा धरायचा व्यायाम तुम्हाला कुणीतरी सांगेलच. अर्ध्या स्विंगपुरता चांगला आहे, पूर्ण स्विंगला नको. आणि मनगटाचा कोन मुद्दाम धरून ठेवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. क्रम बरोबर लागला की तो आपोआप राहतो आणि आपोआप सुटतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा जेमतेम दोनहजारावा भाग. तिथं काही सुधारायला आपण पोहोचू शकत नाही.

समुद्र एवढा जवळ आहे, त्याचाही उपयोग करा. ओहोटीला पुळणीवरची ओली वाळू घट्ट असते. क्लबनं एक रेघ ओढा, ती दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. वाळू कुठून उडाली ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या डाव्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे, खळगा पडला तर वजन वेळेवर डावीकडे गेलं. उजवीकडे पडला तर अजून मागेच राहताय. मैदानावर एवढा स्पष्ट हिशेब कुणी देत नाही, आणि भरती आली की पाटी कोरी. फक्त भरतीच्या रेषेच्या वर खणाखणी करू नका, थंडीत तिथं कासवांची घरटी असतात. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्यानं धुऊन पुसा. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको.

पंधरवड्यातून एकदा मोबाइलवर चित्रण करा, रोज नको. रोज स्वतःला बघणारा माणूस रोज स्विंग बदलतो. मोबाइल तुमच्या उजव्या बाजूला, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध अंगाला, चेंडू आणि लक्ष्य यांच्या रेषेला समांतर, हातांच्या उंचीवर एखाद्या स्टुलावर ठेवा. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघत असतील, तर पाव सेकंदाच्या डाउनस्विंगची ६० मिळतील. त्यातलं एकच मला हवं आहे : खाली येताना डावा हात जमिनीला समांतर होतो ते. त्यात पट्ट्याचं बक्कल चेंडूकडे किंवा जरासं लक्ष्याकडे वळलेलं असावं, पण सदऱ्याची बटणं अजून चेंडूच्या किंचित मागे बघत असावीत. बक्कल आणि बटणं दोन्ही लक्ष्याकडे गेली असतील तर जुना स्लाइस परत येतोय. बक्कल पार लक्ष्याकडे आणि पार्श्वभाग मूळ जागेवरून सुटून पुढं आला असेल, तर आत्ताचा आजार कायम आहे. बाकीची ५९ चित्रं बघितलीच नाहीत तरी चालेल.

वयाचंही थोडं. बॅकस्विंगमध्ये खांदे ९० अंश आणि कंबर ४५ हा हिशेब तरुणांचा. इंजिनरूममध्ये वाकून आयुष्य गेलेल्या माणसाचे खुबे आखडलेले असतात, ते तितके आतल्या बाजूला वळत नाहीत, आणि मग त्यांची उणीव पाठीचा कणा भरून काढतो. डावं पाऊल उभं राहतानाच वीस-तीस अंश लक्ष्याकडे वळवून ठेवा, म्हणजे पुढं फिरताना खुबा अडणार नाही. उजवंही थोडं बाहेर चालेल. खांदे ७० अंशांवर थांबले तर थांबू द्या. तीन-चतुर्थांश स्विंग, पण क्रमानं, हा तुमच्या पूर्ण स्विंगपेक्षा लांब जाईल. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, त्याला पळवायला पाशवी बळ लागत नाही.

पीळ सहज जायचा नाही. सुंभ जळला तरी राहतो तो, तशीच सहा महिन्यांची सवय. पहिले दोन-तीन आठवडे चेंडू आत्तापेक्षा वाईट जातील, काही जमिनीतही मारले जातील. त्या काळात खारघरला जाऊ नका. मंडणगडवरून महामार्ग गाठून चार-पाच तास गाडी हाणायची आणि तिथं उभं राहून नवीन स्विंग तपासायचा म्हणजे जुना स्विंगच बाहेर येणार, कारण पैसे भरलेले असतात आणि मागची चौकडी खोळंबलेली असते.

आता वहिनींचा प्रश्न, जो खरं तर पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आहे. गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो. तुमच्या जाळ्याचा आस, म्हणजे एका भोकाची लांबी, ताणून मोजा. चाळीसच्या आत असेल तर चेंडू पार जाणार नाही. मोठ्या आसाचं असेल तर वृंदावनाचं काही खरं नाही. ते काढून बारीक आसाचं आणा, हर्णैला फाटकं जाळं कुणी फुकटही देईल. जाळं ताणून बांधू नका, नाहीतर चेंडू उसळून तुमच्याच नडगीवर येईल. वरच्या दोरीला सैल लोंबतं ठेवा, दुहेरी, खालची कड जमिनीवर हातभर लोळू द्या. उन्हानं नायलॉन कुजतं, तेव्हा दर महिन्याला गाठी ओढून बघा. आणि तुमचा चेंडू सध्या उजवीकडे जातो हे लक्षात घेता जाळ्याची उजवी बाजू निदान दोन हात वाढवा. तरीही वहिनींना खात्री वाटत नसेल, तर जाळं उचलून वाडीच्या दुसऱ्या टोकाला न्या. वृंदावन हलवायला सांगू नका.